मुंबईला सहकुटुंब जाताना: लोकल, बेस्ट, मेट्रो आणि रिक्षाचे पैसे कसे भरायचे

मे महिन्याची सुट्टी, काकांकडचं लग्न, परळच्या हॉस्पिटलातली तपासणी, नाहीतर मुलांना राणीची बाग दाखवायची म्हणून. कुडाळ-कणकवलीकडून काय किंवा चिपळूण-खेडकडून काय, घरची मंडळी कधी ना कधी मुंबईला निघतात. एकटा माणूस असला की कसंही निभावतं. पण आजी, आई-बाबा, नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी अशी पाच माणसं निघाली की तिकिटाचा हिशेब बदलतो. एसटीत एकाने सगळ्यांची तिकिटं काढली की विषय संपतो, कारण सगळे शेजारी-शेजारी बसलेले असतात. मुंबईत तीच माणसं एका लोकलच्या दोन डब्यांत विभागली जातात, मेट्रोच्या फाटकातून एकेक करून आत जातात आणि एका रिक्षात मावत नाहीत. म्हणून भाडं किती हे पाहण्याआधी एक गोष्ट पक्की करा: कुठलं तिकीट कुणाजवळ राहणार. नवख्या कुटुंबाचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

घरूनच करून ठेवायची कामं

दादरच्या पुलावर, पाठीवर पिशव्या घेऊन, ॲप उतरवत आणि ओटीपीची वाट बघत उभं राहायला लागू नये. हे सगळं घरी, जिथे रेंज बरी मिळते तिथे बसून करा.

१. रेल्वेचं ‘रेलवन’ हे ॲप घ्या. ते १ जुलै २०२५ रोजी आलं. लोकलचं तिकीट, प्लॅटफॉर्म तिकीट हे सगळं त्यावर निघतं. आधी यासाठी ‘यूटीएस’ नावाचं ॲप होतं, पण नव्याने घेणाऱ्याने थेट रेलवनच घ्यावं. महत्त्वाचं म्हणजे ते घरातल्या दोन फोनांवर घ्या, एक बाबांच्या आणि एक आईच्या. का, ते लोकलच्या भागात कळेल. त्यातल्या आर-वॉलेटमध्ये शंभर-दोनशे रुपये भरून ठेवा, म्हणजे ऐनवेळी बँकेचा सर्व्हर अडला तरी तिकीट अडत नाही.

२. फोनवर यूपीआय असेल तर त्यातलं ‘यूपीआय लाइट’ सुरू करा. दहा-वीस रुपयांसाठी दर वेळी पिन टाकावा लागत नाही. एका वेळी १००० रुपयांपर्यंतचे व्यवहार त्यातून होतात.

३. दहा आणि वीसच्या नोटा जमवा. गावातल्या वाण्याकडून, एसटीच्या कंडक्टरकडून, जमतील तिथून. मुंबईत जवळपास सगळीकडे फोनने पैसे घेतात हे खरं. पण फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरेलच असं नाही, आणि आजीच्या हातात फोन नसतो. पाचशेची नोट घेऊन बसमध्ये चढणं कंडक्टरलाही त्रासाचं आणि तुम्हालाही.

४. आजीच्या कमरेच्या पिशवीत किंवा बटव्यात शंभर रुपये सुट्टे आणि एका चिठ्ठीवर मुंबईतल्या घराचा पत्ता, फोन नंबर आणि जवळच्या स्टेशनाचं नाव लिहून ठेवा. गर्दीत चुकामूक झाली तर हीच चिठ्ठी उपयोगी पडते. माझ्या मते सगळ्या ॲपांपेक्षा हे काम मोठं आहे.

आणखी एक ॲप आहे, ‘मुंबई वन’. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झालेलं. मेट्रो, लोकल, मोनोरेल, बेस्ट आणि ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदरच्या बस अशा अकरा सेवांची तिकिटं एकाच ठिकाणी मिळावीत हा त्याचा हेतू. एका फेरीत मेट्रोही आणि बसही लागणार असेल तर घ्या. चार दिवसांत नुसती लोकल आणि रिक्षाच होणार असेल तर त्याच्या वाटेला गेलं नाही तरी चालेल.

उतरायचं कुठे, हाही पैशाचाच प्रश्न

कोकणकन्या, मांडवी, तुतारी, दिवा-सावंतवाडी, यांपैकी कशानेही आलात तरी आधी पनवेल लागतं. नातेवाईक नवी मुंबईत, चेंबूर-मानखुर्दकडे राहत असतील तर पनवेललाच उतरा, तिथून हार्बर मार्गाची लोकल सुटते आणि सुरुवातीचं स्टेशन असल्याने बसायला जागाही मिळते. डोंबिवली-कल्याणवाल्यांनी गाडी थांबत असेल तर ठाण्याला उतरावं. अंधेरी, बोरिवली, विरारकडच्यांनी दादर. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर संपणाऱ्या गाडीने आलात तर हार्बरवरचं टिळकनगर स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ आहे. थोड्या अंतरासाठी अवाच्या सवा पैसे मागणारे तिथे भेटतात, त्यांच्यामागे जाऊ नका.

तुमच्या लांबच्या गाडीच्या तिकिटावर ज्या स्टेशनाचं नाव आहे, तिथे तो प्रवास संपला असं धरा. पुढे लोकलने जायचं तर लोकलचं वेगळं तिकीट हवं. “आमच्याकडे कणकवलीपासूनचं तिकीट आहे ना” हे टीसीसमोर सांगायची वेळ येऊ देऊ नका.

एसटीने येणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, फक्त वयाचा पुरावा म्हणून आधार जवळ हवं. या सवलतीची आपल्याकडच्या बायामाणसांना आता इतकी सवय झाली आहे की परळला किंवा मुंबई सेंट्रलला उतरून बेस्टमध्ये बसल्यावरही ती मागितली जाते. ती सवलत एसटीची आहे, बेस्टमध्ये चालत नाही. रेल्वेनेही ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. तेव्हा मुंबईत आजीचं तिकीट पुरं धरूनच पैसे काढा.

रायगडातल्या अलिबागकडच्या मंडळींना मांडवा-गेटवेची लाँच जवळची. तिच्या तिकिटातच अलिबाग-मांडवा बसचं भाडं धरलेलं असतं, म्हणून तिकीट जपून ठेवा. पावसाळ्यात ही लाँच बंद असते, तेव्हा भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो बोट आहे.

लोकल: एका कुटुंबाची दोन तिकिटं

मुंबईतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जलद प्रवास लोकलचा. सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट ५ रुपये. दादर ते सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, पूर्वीचं व्हीटी) एवढ्यातच होतं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, ५ ते १२ वर्षांच्या मुलाला हाफ.

आता मुख्य मुद्दा. आपलं पाच जणांचं कुटुंब भरलेल्या लोकलमध्ये एकाच डब्यात चढेल असं धरू नका. आजी, आई आणि धाकटी लेडीज डब्यात जातील, बाबा आणि मुलगा जनरलमध्ये. मुलगा बारा वर्षांखालचा असेल तर त्यालाही आईसोबत लेडीज डब्यात नेता येतं, कायद्यानेच तशी मुभा आहे. पण दोन मुलं, पिशवी आणि आजी असं सगळं एकट्या आईच्या अंगावर टाकण्यापेक्षा एक मूल बाबांकडे बरं.

अशा वेळी बाबांनी सगळ्यांचं मिळून एकच तिकीट आपल्या फोनवर काढलं तर लेडीज डब्यात आई आणि आजी बिनतिकीट ठरतात. मोबाईल तिकीट ज्या फोनवर काढलं त्याच फोनवर, त्याच ॲपमध्ये दाखवावं लागतं. स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर पाठवला तर तो टीसी मान्य करत नाही. आणि विनातिकीट पकडलं तर भाडं अधिक २५० रुपये दंड, माणशी. पाच रुपयांच्या प्रवासाला हा भुर्दंड कशाला?

म्हणून असं करा:

आधी ठरवा, कोण कुठल्या डब्यात. मग त्याप्रमाणे दोन तिकिटं काढा. आई आपल्या फोनवर स्वतःचं आणि आजीचं काढील, बाबा आपल्या फोनवर स्वतःचं फुल आणि मुलाचं हाफ. आईकडे ॲप नसेल तर खिडकीवरून दोन वेगळी कागदी तिकिटं घ्या. खिडकीवर मोठं वाक्य बोलायला वेळ नसतो आणि गरजही नसते. “दोन भायखळा रिटर्न” एवढं म्हणा, तिकीट हातात आलं की “एक फुल, एक हाफ, भायखळा रिटर्न.” रांगेतल्या मागच्यांनाही बरं पडतं.

फलाटावर शिरण्यापूर्वी एकदा मोठ्याने विचारा, “आवशीचां तिकीट कोणाकडे आसा?” उत्तर लगेच आलं नाही तर थांबा. एक गाडी गेली तर चार-पाच मिनिटांत दुसरी येते.

फोनवरचं तिकीट स्टेशनाच्या बाहेरच काढा. ॲप फोनचं ठिकाण बघतं, त्यामुळे लोकेशन चालू हवं, आणि रुळांच्या अगदी जवळ उभं राहून बिनकागदी तिकीट निघत नाही. घरातून निघताना किंवा रस्त्यावरून चालताना काढलेलं उत्तम. मात्र फार लवकरही नको. तिकीट काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो. सकाळी चहा पिताना संध्याकाळचं तिकीट काढून ठेवलं तर ते वाया जातं.

स्टेशनात पडद्यावर बोट लावून तिकीट काढायची यंत्रंही असतात, त्यांना एटीव्हीएम म्हणतात. पडद्यावर भाषा मराठी निवडता येते. पुष्कळ ठिकाणी यंत्रापाशी मदतनीस उभा असतो, त्याला रोख पैसे दिले की तो आपल्या कार्डावर तिकीट काढून देतो. खिडकीची रांग पुलापर्यंत गेली असेल तेव्हा इकडे वळा.

डबा नीट बघा. सेकंडच्या तिकिटावर फर्स्ट क्लासमध्ये चढलात तर दंड होतो. नवख्या माणसाला घाईत दोन्ही डबे सारखेच दिसतात. डब्याच्या बाजूला लिहिलेलं वाचा, तिरके पट्टे असतील तर तो डबा साधा नाही, एवढं लक्षात ठेवा. एसी लोकलचं भाडं वेगळं आणि बरंच जास्त, साधं तिकीट तिच्यात चालत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी आजीला घेऊन लांब जायचं असेल, दादरहून बोरिवली वगैरे, तर एसीचे पैसे मी खुशाल खर्च करीन. दारं बंद होतात, रेटारेटीत माणूस बाहेर पडायची भीती नाही. पण तिकीट काढतानाच “एसी” असं स्पष्ट सांगावं लागतं.

एक, तीन आणि पाच दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं, त्यावर पश्चिम, मध्य, हार्बर कुठेही हिंडता येतं. दिवसाला दोनच फेऱ्या असतील तर त्यापेक्षा सुटं तिकीट स्वस्त पडतं. रोज चार-पाच ठिकाणी उतरून मुंबई बघायची असेल, तर खिडकीवर त्याचा दर विचारून हिशेब करा.

वेळेबद्दल थोडं. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे जाणारी आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ उत्तरेकडे जाणारी लोकल मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन पकडू नका. त्या वेळी टॅक्सीला जास्त गेले तरी जाऊ देत.

बेस्ट बस

बेस्टचे दर ९ मे २०२५ पासून वाढले. साध्या बसचं पहिल्या पाच किलोमीटरला १० रुपये, एसी बसचं १२. दहा किलोमीटरपर्यंत साधी १५, एसी २०. चढल्यावर कंडक्टरकडे तिकीट काढायचं, आपल्या एसटीसारखंच. उतरायचं ठिकाण माहीत नसेल तर त्यालाच सांगून ठेवा, “राणीची बाग आली की सांगा हं दादा.” कंडक्टर सांगतात.

फोनवरून काढायचं तर ‘चलो’ नावाचं ॲप आहे, त्यात बस कुठवर आली तेही दिसतं. नवख्याला तिकिटापेक्षा याचाच उपयोग जास्त. थांब्यावर उन्हात तिष्ठत बसायचं की सरळ रिक्षा करायची, हे ठरवता येतं. बऱ्याच बसच्या कपाळावर क्रमांक मराठी आकड्यांत असतो. आजीआजोबांना ते सोयीचं, पण ॲपमधला इंग्रजी आकडा बघून आलेली मुलं गोंधळतात, त्यांना आधी सांगा.

दिवसभराचा पास ७५ रुपयांना. बारा रुपयांच्या छोट्या फेऱ्या करणार असाल तर सात वेळा चढल्यावर तो वसूल होणार, तेव्हा घेऊ नका. वीस-तीस रुपयांच्या लांबच्या तीन-चार फेऱ्या एका दिवसात असतील तरच घ्या. आणि ठाण्याची टीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी या वेगळ्या संस्था आहेत, लाल बस दिसली की ती बेस्टच असं नाही.

मेट्रो

मेट्रोत जाणं नवख्या कुटुंबाला लोकलपेक्षा सोपं, कारण सगळे एकत्र बसतात. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मार्गिका २०१४ पासून आहे. घाटकोपरच्या मावशीकडून अंधेरीच्या काकांकडे जायला दादरला वळसा घालावा लागत नाही तो हिच्यामुळे. दहिसर पूर्वेहून अंधेरी पश्चिमेला आणि गुंदवलीला जाणाऱ्या दोन मार्गिका उपनगरात. आणि आरे ते कफ परेड ही जमिनीखालून जाणारी तिसरी मार्गिका, ऑक्टोबर २०२५ पासून पुरी सुरू झालेली. दादर, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट ही स्थानकं तिच्यावर असल्याने मुंबई दाखवायला निघालेल्यांना हीच सगळ्यात कामाची. भाडं अंतराप्रमाणे १० ते ७० रुपये.

तिकीट काउंटरवर, यंत्रावर किंवा फोनवर. कागदावर किंवा पडद्यावर चौकोनी क्यूआर कोड येतो. तो फाटकावर दाखवला की दार उघडतं, एका वेळी एकाच माणसासाठी. तोच कोड बाहेर पडतानाही लागतो, म्हणून आत शिरल्यावर कागद चुरगळून टाकायचा नाही. मुलांच्या हातात तर अजिबात देऊ नका. साधारण ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल मोठ्यांसोबत फुकट जातं, त्याला कडेवर घेऊन फाटक पार करा. नऊ वर्षांच्याला मात्र पुरं तिकीट, इथे हाफ नाही.

फोनवर चौघांची तिकिटं एकत्र काढलीत तर चार कोड येतात. ते एकेक सरकवत दाखवताना मागे माणसं खोळंबतात आणि आजी बावरते. त्यापेक्षा काउंटरवरून चार कागद घेऊन प्रत्येकाच्या हातात एकेक द्यावा. आजीला पुढे पाठवा, बाबांनी सगळ्यात शेवटी जावं. आधी बाबा आत गेले आणि आजीचा कोड वाचला गेला नाही, तर फाटकाच्या दोन बाजूंना दोघं अडकतात.

भूमिगत स्थानकात फोनची रेंज कमी-जास्त होते. तिसऱ्या मार्गिकेचं तिकीट फोनवर काढायचं तर रस्त्यावर असतानाच काढा.

मेट्रोत आणि बेस्टमध्ये चालणारं एनसीएमसी नावाचं कार्डही मिळतं, टेकवलं की पैसे कापले जातात. एका कार्डावर एका वेळी एकच माणूस जातो. चार दिवसांसाठी चार कार्डं घेणं मला पटत नाही. घरातलं कुणी शिकायला मुंबईत राहणार असेल, किंवा रुग्णासोबत महिनाभर ये-जा असेल, तर त्या एकासाठी जरूर घ्या.

रिक्षा आणि टॅक्सी

१ फेब्रुवारी २०२५ पासूनचे दर असे: रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. काळी-पिवळी टॅक्सी पहिल्या दीड किलोमीटरला ३१, पुढे २० रुपये ६६ पैसे. म्हणजे तीन किलोमीटरचे रिक्षाला साधारण ५२ आणि टॅक्सीला ६२. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळात पंचवीस टक्के जास्त. कोकणातून येणाऱ्या रात्रीच्या गाड्या पनवेल-ठाण्याला पहाटेच पोचतात. पाच वाजायला थोडाच वेळ असेल तर फलाटावर चहा घ्या, उजाडू द्या आणि मग निघा.

रिक्षात तीन, टॅक्सीत चार माणसं. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पलीकडे, म्हणजे दादर, परळ, गिरगावकडे चालतच नाहीत, तिथे टॅक्सीच. बसण्याआधी फक्त “मीटरने येणार ना?” एवढं विचारा. मीटर टाकल्यावर आकडा २६ किंवा ३१ दिसला पाहिजे, तो स्वतः बघा. आपल्याकडे रत्नागिरी-सावंतवाडीत रिक्षाचं भाडं बोलून ठरतं, त्या सवयीने मुंबईत घासाघीस सुरू केली की समोरच्याला कळतं, माणूस नवीन आहे. मीटरने नाही म्हणाला तर पुढची बघा. स्टेशनाच्या दारातल्या गर्दीपासून थोडं पुढे रस्त्यावर गेलं की मिळते.

काही स्टेशनांबाहेर शेअर रिक्षांची रांग असते. तिथे भाडं माणशी ठरलेलं असतं, बसण्याआधी “सीटचे किती?” विचारा. ओला-उबरची गाडी बोलावलीत तर पैसे रोख की यूपीआय हे आधीच निवडा, गाडीचा नंबर जुळवा आणि मगच ओटीपी सांगा.

माझा हिशेब असा आहे. अंतर तीन किलोमीटरच्या आत, सोबत आजी आणि सामान, तर बस शोधू नका. तीन मोठ्यांचे एसी बसला ३६ जातात, रिक्षाला ५२. सोळा रुपयांत आजीच्या गुडघ्यांचे हाल वाचतात. अंतर दहा किलोमीटरच्या वर आणि हात मोकळे असतील तर लोकलला पर्याय नाही.

परतीच्या दिवशी

पोचवायला मुंबईची माणसं फलाटावर येतातच. त्यांना प्रत्येकी १० रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट लागतं, ते दोन तास चालतं आणि रेलवनवरही निघतं. तुम्ही लोकलने दादरला आलात तर लोकलचं तिकीट गाडीत बसेपर्यंत टाकू नका, पुलावर टीसी तेच मागतो. सामान जास्त असेल तर एकाने लोकलने पुढे जाऊन गाडी कुठल्या फलाटावर लागते ते बघावं आणि बाकीच्यांनी टॅक्सीने यावं. त्या एकाजवळ त्याचं लोकलचं तिकीट, आणि टॅक्सीतल्या मंडळींकडे लांबच्या गाडीच्या आरक्षणाची प्रत आणि एक ओळखपत्र हवं. गणपती आणि शिमग्याच्या दिवसांत फलाटावर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आरक्षणाचा मेसेज दोघातिघांच्या फोनवर आधीच पाठवून ठेवा.